शिसं पोलादापेक्षा जड, मग आवाज त्यात मंद का?

प्रश्न विचारणारा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि रबाळ्यातल्या एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये ट्रेनिंगला जातो. त्याच्या तीन शंका आहेत. पहिली: 'घन पदार्थ दाट असतात म्हणून त्यांतून आवाज वेगाने जातो' असं तो शाळेपासून ऐकत आलाय, मग शिसं पोलादाहून जड असून त्यात आवाजाचा वेग निम्म्याहून कमी कसा? दुसरी: एका पुस्तकात पोलादातला वेग सेकंदाला ५१०० मीटर दिलाय, दुसऱ्यात ५९६०, आणि शॉपमधल्या थिकनेस गेजवर (आवाज सोडून जाडी मोजणाऱ्या यंत्रावर) ५९२० सेट केलेलं असतं; यातलं खरं कोणतं? तिसरी: त्याच गेजने स्टेनलेसच्या पाइपची जाडी व्हर्नियरपेक्षा जास्त का दाखवली?

मी अल्ट्रासॉनिक टेस्टिंगच्या, म्हणजे कानाला ऐकू न येणारे ध्वनितरंग सोडून धातू आणि काँक्रीट तपासण्याच्या कामात आहे. वागळे इस्टेट, ठाणे-बेलापूर रोड, तळोजा हाच माझा इलाखा. हे तिन्ही प्रश्न एकाच मुळातून निघतात, म्हणून सविस्तर लिहितो.

घनतेपासून सुरुवात करू, कारण सगळा घोळ तिथे आहे. घनता आवाजाला वेग देत नाही, ती त्याला मागे ओढते. कळव्याच्या यार्डात उभ्या मालगाडीला इंजिनाने हिसका दिला की तो हिसका एकेक वाघीण पकडत शेवटापर्यंत धावत जातो, ते आठवा. जोडण्या ताठ असतील तर हिसका लगेच पुढच्या वाघिणीला मिळतो. सैल किंवा लवचिक असतील तर वेळ लागतो. वाघिणी भरलेल्या असतील तर त्यांना हलायलाच उशीर होतो. पदार्थातही हेच चालतं. कणांमधला बंध किती ताठर आहे ते वेग वाढवतं, कण किती जड आहेत ते वेग कमी करतं. गणितात लिहायचं तर ताठरपणाला घनतेने भागा आणि वर्गमूळ काढा. एवढं एक सूत्र कळलं की तक्ता पाठ करायची गरज उरत नाही.

आता शिसं घ्या. त्याची घनता पोलादाच्या जवळपास दीडपट, पण ताठरपणा पोलादाच्या बाराव्या-तेराव्या हिश्श्याएवढा. शिशाची पट्टी हाताने वाकते, यातच उत्तर आलं. जड आणि वर मऊ, म्हणजे दोन्ही गोष्टी वेगाच्या विरोधात. म्हणून भरीव शिशात अनुतरंगाचा (कण पुढे-मागे हलतात त्या तरंगाचा) वेग सुमारे २१६० मीटर प्रति सेकंद आणि पोलादात ५९०० च्या घरात.

अ‍ॅल्युमिनियमचं उदाहरण मला त्याहून जास्त आवडतं. घनता २.७, पोलादाच्या साधारण एक तृतीयांश. ताठरपणाही साधारण एक तृतीयांश: ७० गिगापास्कल विरुद्ध २०० ते २१०. दोन्ही एकाच प्रमाणात उतरल्यामुळे भागाकार जवळजवळ तोच येतो, आणि बारीक सळईत दोघांचाही वेग ५१०० च्या आसपास निघतो. वजनात तिपटीचा फरक, वेगात फरक नाहीसाच! 'दाट म्हणून वेगवान' हा नियम खरा असता तर असं होऊच शकलं नसतं. पारा तर पाण्याच्या १३.६ पट जड, पण पाऱ्यात १४५० आणि २० अंशांच्या पाण्यात १४८२. उलट बाजूला बेरिलियम: अ‍ॅल्युमिनियमहून हलकं, पोलादाहून ताठर, त्यामुळे वेग १२,९०० च्या आसपास. आणि हिरा, ज्याच्या बंधांइतके ताठर बंध क्वचितच सापडतात आणि ज्याचे कार्बनचे अणू हलके असतात, तिथे १८,००० पर्यंत.

मग 'वायूपेक्षा द्रवात, द्रवापेक्षा घनात वेग जास्त' हे शाळेतलं वाक्य खोटं आहे का? ढोबळमानाने ते बरोबर आहे, पण त्याचं कारण चुकीचं सांगितलं जातं. हवेच्या तुलनेत पाणी सुमारे ८३० पट जड आहे. तेवढंच असतं तर पाण्यात आवाज रांगत गेला असता. पण दाबायला पाणी हवेच्या जवळपास १५,५०० पट कठीण आहे. १५,५०० ला ८३० ने भागा, वर्गमूळ काढा, साधारण ४.३ येतं. हवेतल्या ३४३ ला त्याने गुणा, तुम्ही थेट पाण्याच्या १४८० जवळ पोचता. हा हिशोब एकदा स्वतः वहीवर करून बघा.

आणि अपवादही आहेत. हायड्रोजन वायू असूनही त्यात वेग १२८० ते १३०० च्या आसपास, म्हणजे इथेनॉलसारख्या द्रवातल्या १२०७ पेक्षा जास्त, कारण त्याचे रेणू फार हलके. रबराबद्दल दोन वेगळे आकडे वाचायला मिळतात: कुठे पन्नास-साठ मीटर, कुठे दीड हजार. दोन्ही खरे आहेत. रबराच्या बारीक पट्टीला बाजूने फुगायला मोकळीक असते, तिथे तरंग अतिशय संथ. पण जाड रबराच्या पोटात फुगायला जागाच नसते, तिथे रबर पाण्यासारखं वागतं.

या सूत्राची खरी गंमत मिश्रणात दिसते. पाण्यात आकारमानाने फक्त एक टक्का हवेचे बारीक बुडबुडे मिसळले तर त्या मिश्रणात आवाजाचा वेग शंभर ते सव्वाशे मीटरवर येतो. पाण्यातल्या वेगाहून कमी हे समजू शकतं, पण हवेतल्या वेगाहूनही कमी! कारण वजन सगळं पाण्याचं आणि लवचिकता सगळी हवेची. घरी करून पाहता येईल. कपभर कडकडीत गरम पाण्यात इन्स्टंट कॉफी टाकून ढवळा आणि लगेच चमच्याने कपाच्या तळाला आतून टकटक करत राहा. सुरुवातीला सूर खालचा लागतो, आणि बुडबुडे वर निघून जातील तसा चढत जातो. तुमच्या समोर त्या द्रवातला वेग वाढत असतो. कास्टिंगमधली सच्छिद्रता, काँक्रीटमधले हवेचे खिसे, खाडीच्या तळाचा गॅस धरलेला गाळ, या सगळ्यांमध्ये वेग का पडतो हे समजायला हा कॉफीचा कप पुरतो.

हवेबद्दल थोडक्यात. शून्य अंशाला ३३१, पुढे प्रत्येक अंशामागे सुमारे ०.६ मीटर वाढ, २० अंशांना ३४३, ठाण्याच्या मे महिन्यातल्या ३४ अंशांना ३५१ च्या पुढे. हवेच्या दाबाने वेग बदलत नाही, कारण दाब वाढला की घनताही त्याच प्रमाणात वाढते आणि भागाकार तिथेच राहतो. डोंगरावर आवाज हळू जातो तो थंडीमुळे, विरळ हवेमुळे नाही. पावसाळ्यातली दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकी असते, म्हणून त्यात वेग थोडा जास्त, पण फरक एका टक्क्याच्या आतच. येऊरच्या डोंगरावर वीज चमकल्यावर गडगडाटापर्यंत सेकंद मोजा आणि तीनने भागा, किलोमीटरमध्ये अंतर मिळतं. हिवाळ्यात पहाटे लोकलचा हॉर्न खाडीपलीकडून एवढा स्वच्छ ऐकू येतो त्यामागेही हाच तापमानाचा हिशोब आहे: जमिनीलगतची हवा गार, वरची थोडी उबदार, त्यामुळे वरच्या थरात तरंग पुढे धावतो आणि आवाज वाकून परत जमिनीकडे येतो. न्यूटनने हवेतला वेग काढताना तापमान स्थिर धरलं आणि उत्तर सुमारे १५ टक्क्यांनी कमी आलं. हवा दाबली जाताना क्षणभर तापते आणि त्यामुळे अधिक ताठर होते, ही दुरुस्ती लाप्लासने १८१६ मध्ये दिली. तिथेही चुकला होता तो ताठरपणा, घनता नाही.

घन पदार्थातला वेग पहिल्यांदा थेट मोजला गेला तो प्रसंग सांगायलाच हवा. १८०८ मध्ये पॅरिसला बियो या शास्त्रज्ञाने ९५१ मीटर लांबीच्या बिडाच्या पाइपलाइनवर एका टोकाला आघात करवला. दुसऱ्या टोकाला दोन आवाज आले, एक लोखंडातून आणि दुसरा पाइपमधल्या हवेतून, मध्ये अडीच सेकंदांचं अंतर. हवेला ९५१ मीटर कापायला पावणेतीन सेकंदांच्या वर लागतात, म्हणजे लोखंडातला आवाज साधारण पाव सेकंदात पोचला. रुळाला कान लावून गाडी आधी ऐकण्याचा प्रकार यातलाच, आणि तो कुणीही कधीही करू नये. कळवा-मुंब्र्याच्या बाजूला रुळांवर किती जीव जातात हे इथल्या लोकांना सांगायला नको.

आता दुसरी शंका, ५१०० की ५९६०. तुम्हाला दोन पुस्तकं परस्परविरोधी वाटली, पण ती दोन वेगळ्या गोष्टी सांगताहेत. तरंगाच्या लांबीच्या मानाने बारीक असलेल्या सळईतून तरंग जाताना पोलाद बाजूने फुगू-आक्रसू शकतं, त्यामुळे ते थोडं मऊ वागतं, तिथे ५१००. जाड प्लेटच्या पोटात आजूबाजूचं पोलाद त्याला फुगू देत नाही, म्हणून तेच पोलाद जास्त ताठर वागतं. तिथे ५९०० ते ५९६०. आपण ५ मेगाहर्ट्झचा प्रोब (तरंग सोडणारा आणि परत पकडणारा तुकडा) लावतो तेव्हा पोलादातली तरंगलांबी सव्वा मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणून आपल्याला नेहमी हा दुसरा आकडा लागतो. ५९२० हा कार्बन स्टीलसाठी धंद्यात रुळलेला आकडा. ५९६० चं पोलाद थोड्या वेगळ्या मिश्रणाचं, एवढाच फरक.

याशिवाय तिसरा वेग आहे, आणि वेल्डिंग तपासणाऱ्याचं पोट त्यावर चालतं: कर्तन तरंग, ज्याला शॉपमध्ये सगळे शिअर वेव्ह म्हणतात. यात कण पुढे-मागे न हलता आडवे हलतात, आणि पदार्थ आडव्या ओढीला नेहमी कमी ताठर असतो. पोलादात हा वेग ३२५० च्या आसपास. द्रवाला आडवा ताठरपणा नसतोच, म्हणून पाण्यातून किंवा तेलातून शिअर वेव्ह जात नाही. भूकंपातही हेच दोन तरंग असतात. समजा कोयनेत धक्का बसला. ठाणे तिथून दोनशे किलोमीटरच्या वर आहे. खडकात पहिला तरंग सेकंदाला सुमारे ६ किलोमीटरने येतो आणि दुसरा, जास्त हलवणारा, साडेतीनने. त्यामुळे दोघांमध्ये वीस-पंचवीस सेकंदांचं अंतर पडतं, आणि त्या अंतरावरूनच भूकंपमापन केंद्र धक्का किती दूर झाला ते सांगतं.

तुमच्या शॉपमध्ये व्ही-१ ब्लॉक, म्हणजे मशीन सेट करायचा प्रमाणित ठोकळा, असेलच. तो हातात घेऊन नीट बघा, सगळा विषय त्या पोलादी ठोकळ्यात कोरलेला आहे. त्यात बसवलेला पर्स्पेक्सचा (पारदर्शक अ‍ॅक्रिलिक प्लास्टिकचा) गोल तुकडा २३ मिलिमीटर जाड असतो. पर्स्पेक्समध्ये वेग २७३०. पोलादासाठी सेट केलेल्या मशीनवर तो तुकडा २३ ला ५९२० ने गुणून २७३० ने भागल्यावर येतो तेवढा, म्हणजे ५० मिलिमीटर दिसतो. मुद्दाम तसाच कापलेला आहे. ब्लॉकच्या कडेला ९१ मिलिमीटरची पायरी आहे. सरळ प्रोबच्या अनुतरंगाला ९१ मिलिमीटर जायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्याच वेळात शिअर वेव्ह ५० मिलिमीटर जाते. ९१ ला ३२५० ने गुणा, ५९२० ने भागा, ४९.९६ येतं. ज्यांनी हा ब्लॉक आखला त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. मशीन अंतर मोजत नाही, वेळ मोजते, आणि वेग तुम्ही तिला सांगता; ही एकच गोष्ट तो ठोकळा वेगवेगळ्या प्रकारे शिकवतो.

शिअर वेव्ह तिरकी सोडणाऱ्या अँगल प्रोबवर ४५ अंश लिहिलेलं असतं ते पोलादासाठी. आतल्या पर्स्पेक्सच्या पाचरीतून तरंग साधारण ३६.४ अंशांनी निघतो आणि पोलादात शिरताना वेग बदलल्यामुळे वाकून ४५ चा होतो. तोच प्रोब अ‍ॅल्युमिनियमवर ठेवला, जिथे शिअर वेव्ह ३१३० ने जाते, तर कोन ४३ च्या आसपास भरतो, फार बिघडत नाही. पण तांब्यावर, जिथे तो वेग २२६० च्या जवळ आहे, ४५ चा प्रोब ३० अंशांचा होऊन बसतो. स्क्रीनवर दोष दिसेल, पण जिथे खूण कराल तिथे तो नसेल. ग्राइंडर चालवणारा चांगलं वेल्ड उकरत बसतो आणि दोष शेजारी तसाच राहतो.

पदार्थाचं नाव तेच असलं तरी वेग तोच असेल असं धरू नका. बिडाइतकं चांगलं उदाहरण नाही. साध्या करड्या बिडात ग्राफाइट पापुद्र्यांच्या रूपात असतं. प्रत्येक पापुद्रा म्हणजे पोलादी ढाच्यातली एक मऊ चीर, त्यामुळे वेग साडेचार हजारांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतो. तेच ग्राफाइट मॅग्नेशियमच्या प्रक्रियेने गोळ्यांच्या रूपात आणलं, म्हणजे एसजी आयर्न केलं, की ढाचा सलग राहतो आणि वेग साडेपाच हजारांच्या वर जातो. रसायन जवळपास तेच, घनताही फारशी हललेली नाही, फक्त ग्राफाइटचा आकार बदलला. म्हणूनच फाउंड्रीत कास्टिंग न कापता वेगावरून गोळ्या नीट बनल्यात का ते तपासतात. जुने कारागीर हातोडी मारून नाद ऐकत. ते याच गोष्टीचं कानाने केलेलं मोजमाप होतं आणि ते अजिबात अडाणी नव्हतं.

दिशेनेही वेग बदलतो. सागवानाच्या फळीत तंतूंच्या दिशेने आवाज आडव्या दिशेच्या कित्येक पट वेगाने जातो. रोल केलेल्या काही प्लेट्समध्ये रोलिंगच्या दिशेने आणि त्याला काटकोनात शिअर वेव्हचा वेग थोडा वेगळा निघतो, आणि प्रोबचा कोन त्यामुळे एक-दोन अंशांनी सरकू शकतो. स्टेनलेसच्या जाड वेल्डमध्ये तर लांबट स्फटिक तरंगाला भलतीकडे वळवतात. तिथे नेहमीच्या शिअर प्रोबचं रीडिंग डोळे मिटून मान्य करू नये.

काँक्रीटबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण आता नवी मुंबईतल्या आणि ठाण्यातल्या जुन्या सोसायट्यांचे स्ट्रक्चरल ऑडिट सुरू असतात आणि अहवालात 'यूपीव्ही' (अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटी, म्हणजे काँक्रीटमधला ध्वनीचा वेग) नावाचा तक्ता पाहून रहिवासी गोंधळतात. यात कॉलमच्या एका बाजूने साधारण ५४ किलोहर्ट्झचा तरंग सोडतात आणि समोरच्या बाजूला पोचायला किती वेळ लागला ते मोजतात. ३०० मिलिमीटरचा कॉलम ७५ मायक्रोसेकंदांत पार झाला तर वेग सेकंदाला ४ किलोमीटर. १९९२ च्या आयएस १३३११ या भारतीय मानकाच्या पहिल्या भागातले निकष असे: ४.५ च्या वर उत्तम, ३.५ ते ४.५ चांगलं, ३ ते ३.५ मध्यम, ३ च्या खाली शंकास्पद. ते मानक २०१८ मध्ये आयएस ५१६ मध्ये समाविष्ट झालं, पण जुन्या अहवालांत हेच आकडे दिसतील.

पण हा वेग म्हणजे काँक्रीटची ताकद नव्हे, आणि हे मी प्रत्येक सोसायटीत आग्रहाने सांगतो. आपल्याकडची खडी म्हणजे डेक्कन ट्रॅपचा काळा दगड. ताजा, भरीव दगड असेल तर त्यातला वेगच पाच ते सहा हजार असतो, आणि खडी जास्त असलेलं काँक्रीट सिमेंट बेताचं असूनही चांगला आकडा देऊ शकतं. त्याच डोंगरातला झिजून झालेला मुरूम हजाराच्या आत-बाहेर. पारसिकच्या डोंगराच्या कापलेल्या उतारावर काही फुटांच्या अंतरात दोन्ही बघायला मिळतात. तसंच, तरंगाच्या वाटेत समांतर सळई आली तर तो तिच्यातून पुढे पळतो आणि आकडा फुगतो. जुलैत भिजलेल्या काँक्रीटचा वेग कोरड्यापेक्षा काही टक्के जास्त येतो, कारण छिद्रांत हवेऐवजी पाणी असतं. भेगेत पाणी भरलेलं असेल तर भेग लपूही शकते. म्हणून सळया कुठे आहेत ते आधी शोधून मग जागा निवडायची, प्लास्टर काढायचं, शक्यतो समोरासमोरून मोजायचं, आणि ओल किती होती ते अहवालात नोंदवायचं. एकाच बाजूवर दोन्ही प्रोब ठेवून घेतलेला आकडा कमीच येतो. त्याची समोरासमोरच्या आकड्याशी तुलना करून कुणी इमारत धोकादायक ठरवत असेल तर सोसायटीने हरकत घ्यावी. कोअर (काँक्रीटचा ड्रिलने कापलेला दंडगोल नमुना) काढून केलेल्या चाचणीची जोड असल्याशिवाय निव्वळ यूपीव्हीवर निर्णय नको.

पाण्यातही वेग एकच नसतो. शून्य अंशाला १४०३, मग तापमानाबरोबर वाढत ७४ अंशांच्या आसपास १५५५, आणि त्यानंतर उतरतो. तापल्यावर वेग वाढणारं पाणी इतर बहुतेक द्रवांच्या उलट वागतं. मीठही वेग वाढवतं. ३० अंशांच्या गोड पाण्यात १५०९, तर समुद्राच्या पूर्ण खारट पाण्यात १५४५ च्या जवळ. न्हावा-शेव्याच्या जहाजमार्गाची खोली ध्वनी सोडून मोजतात तेव्हा हा फरक आणखी महत्त्वाचा होतो, कारण पावसाळ्यात नद्यांचं आणि खाडीचं गोडं पाणी वरच्या थरात मिसळतं. पूर्ण गोडं आणि पूर्ण खारं या टोकांत १५ मीटर खोलीवर पस्तीस सेंटिमीटरच्या आसपास फरक पडतो. तळाला जेमतेम मोकळीक असलेल्या जहाजाला पस्तीस सेंटिमीटर फार मोठे असतात. म्हणून सर्व्हे करणारे त्याच दिवशी, त्याच पाण्यात वेग मोजूनच सुरुवात करतात.

आता तुमचा स्टेनलेसचा पाइप. ३०४ ग्रेडमध्ये वेग बहुतेक वेळा ५६५० ते ५८०० च्या दरम्यान भरतो. समजा तुमच्या पाइपमध्ये ५७४० आहे आणि भिंत व्हर्नियरने ७.११ मिलिमीटर भरली. गेज ५९२० वर असेल तर ते ७.३३ दाखवेल. तीन टक्के. नव्या पाइपवर हे किरकोळ वाटेल, पण झिजलेल्या लाइनवर चूक नेमकी धोक्याच्या बाजूला जाते: भिंत असते त्याहून जाड दिसते. करड्या बिडाच्या व्हॉल्व्हवर तेच गेज लावलं तर १० मिलिमीटरची भिंत तेराच्या वर दिसेल, आणि तिथे ती लाइन चालू ठेवायची की बंद हा निर्णयच बदलतो.

गरम लाइनवरही चूक याच दिशेने होते. तापल्यावर पोलाद किंचित मऊ होतं, म्हणून दर ५५ अंशांमागे वेग सुमारे एक टक्क्याने उतरतो. ३० अंशांच्या ब्लॉकवर सेट करून २३० अंशांच्या लाइनवर मोजलं तर साडेतीन टक्क्यांहून जास्त जाडी दिसते. अँगल प्रोबची पर्स्पेक्सची पाचरही तापते आणि तिच्यातला वेग पोलादापेक्षा जास्त वेगाने पडतो, त्यामुळे कोन वाढतो. मे महिन्यात तळोज्याला उन्हात तापलेल्या टाकीवर काम असेल तर ब्लॉक गाडीच्या एसीत ठेवून थेट बाहेर काढू नका. टाकीच्याच सावलीत थोडा वेळ ठेवा, मग कॅलिब्रेशन करा.

वेगाशिवायही दोन कारणं तपासा. पाइपवर रंग असेल तर तो जाडीत धरला जातो आणि फुगवून धरला जातो, कारण रंगात आवाज पोलादाच्या निम्म्याहून कमी वेगाने जातो, ०.३ मिलिमीटरचा रंग गेजवर पाऊण मिलिमीटरच्या जवळ दिसू शकतो. रंग खरवडा, किंवा गेजमध्ये लागोपाठच्या दोन इकोंमधला (मागच्या भिंतीवरून परतणाऱ्या प्रतिध्वनींमधला) वेळ मोजायची सोय असेल तर ती वापरा. आणि भिंत प्रोबच्या मर्यादेपेक्षा पातळ असेल तर गेज दुसरा इको पकडून दुप्पट जाडी दाखवतं. सव्वा मिलिमीटरचा पत्रा अडीचचा होतो. रीडिंग नेमकं दुप्पट वाटलं तर आधी हा संशय घ्या.

उद्या शॉपमध्ये असं करा. त्याच पाइपचा, त्याच हीट नंबरचा (एकाच वेळी ओतलेल्या पोलादाचा) कापलेला तुकडा स्क्रॅपमधून मिळवा. टोक ग्राइंडरने सपाट करा, कडेची धारदार बर काढून टाका, आणि भिंत मायक्रोमीटरने दोन-तीन जागी मोजा. वक्र भिंतीवर गोल अँव्हिलचा मायक्रोमीटर घ्या, व्हर्नियर तिथे थोडं जास्त मोजतं. मग आधी गेजचा झिरो त्याच्यासोबतच्या चकतीवर लावा, कपलंट (प्रोब आणि धातूमध्ये हवा राहू न देणारी जेल) घालून प्रोब तुकड्यावर ठेवा, आणि मायक्रोमीटरचं माप स्क्रीनवर येईपर्यंत वेग खाली आणत जा. जो आकडा मिळेल तो तुमच्या पाइपचा वेग. शक्य असेल तर जाडीत फरक असलेला दुसरा तुकडा घेऊन तोच वेग तिथेही जुळतो का ते बघा. एका जाडीवर जुळला आणि दुसऱ्यावर नाही, तर गडबड वेगात नसून झिरोमध्ये आहे. रिपोर्टमध्ये जाडीच्या रकान्याशेजारी हा वेग, पृष्ठभागाचं तापमान आणि रंग काढला होता की नाही, हे तिन्ही लिहा, म्हणजे पुढच्या शटडाउनला जो कुणी मोजेल त्याचं रीडिंग तुमच्या रीडिंगशी ताडता येईल.